चौथं पुस्तक

काजवालीला त्या रविवारी एकच गोष्ट हवी होती: चिठ्ठी आपल्या नवऱ्याच्या पुस्तकात निघू नये. देवाकडे तिनं आजवर फारसं काही मागितलं नव्हतं. निदान एवढं तरी तो ऐकेल, असं तिला वाटत होतं.

काजवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण शर्टांना काजं करण्यात चोवीस वर्षं गेल्यावर खरं नाव विचारतंय कोण? कारखान्यात मशीनवर वाकून वाकून खांदे पार कामातून गेले होते. घरी सासू सात वर्षं अंथरुणाला खिळून. तिचं सगळं काजवालीनंच केलं, आणि हूं की चूं न करता केलं, असं लोक कौतुकानं सांगत. अहो, कुरकुरायची ती, पण मनात. गेल्या वर्षी सासू गेली, यंदा नवऱ्यानं साठी गाठली, आणि या महिनाअखेर तिनं कारखाना सोडायचा असं दोघांचं ठरलं. मग करणार काय, असं शेजारच्या मशीनवालीनं विचारलं तर ही म्हणाली, रोज सात वाजेपर्यंत झोपणार. यापलीकडे तिचा बेत गेलेलाच नव्हता.

आता तिच्या मेनोनाइट मंडळीची, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, रीत सांगायला हवी, नाहीतर तिची धास्ती कळायची नाही. या मंडळीत पाळक, म्हणजे धर्मगुरू, बाहेरून आणत नाहीत. आपल्यातल्याच चार पुरुषांची नावं लोक सुचवतात. मग गीतांची चार सारखी पुस्तकं टेबलावर मांडतात, त्यांतल्या एकात चिठ्ठी घातलेली असते. ती ज्याच्या हाती लागेल तो पाळक. नाही म्हणायची सोय नाही, पगार नाही, आणि काम हातपाय थकेपर्यंत. पोटापाण्याचा धंदा सांभाळून आजारी माणसं, मयती, नवराबायकोची भांडणं, सगळं निस्तरायचं. म्हणजे घराचं दार सदा उघडं आणि शेगडीवर चहाचं भांडं सदा चढलेलं. शिवाय धंद्याकडे दुर्लक्ष होणार, म्हणजे बायकोचा कारखाना काही सुटायचा नाही. नावं सुचवणाऱ्यांना हे कुठं सुचतं!

नवरा कुलपं दुरुस्त करायचा. भला माणूस. इतका भला की काजवालीचं डोकं उठायचं. दवाखान्यात नंबर आला की हा मागच्याला म्हणणार, तुम्ही जा आधी. जेवणाच्या रांगेत हा उभा राहिला की दोघांना रिकामी पातेली बघायला मिळायची. चौघांत तोच वयानं मोठा, म्हणून रीतीप्रमाणे पहिलं पुस्तक त्याचं. सकाळी निघताना तिनं त्याला बजावलं होतं, आज मेहेरबानी करून कुणाला पुढं सोडू नका. पाळी आली की समोरचं उचला आणि मोकळे व्हा. त्यानं मान डोलावली होती.

चौघं टेबलाशी गेले. नवऱ्यानं डावीकडच्या पुस्तकाकडे हात नेला, आणि त्याची नजर शेजारच्या गवंड्यावर पडली. गवंड्याच्या घरात चार लहान पोरं. बिचारा घामानं निथळत होता. झालं! नवरा बाजूला सरकला आणि त्यानं गवंड्याला पुढं केलं. गवंड्यानं डावीकडचंच पुस्तक उचललं. मग मास्तर, मग पाववाला. नवऱ्यासाठी चौथं उरलं.

गवंड्याच्या पुस्तकात काही नव्हतं. मास्तरच्या नाही, पाववाल्याच्या नाही. नवऱ्याचं पुस्तक तर उघडायचीही गरज नव्हती, तरी उघडलं, आणि चिठ्ठी निघाली. त्यानं वळून बायकोकडे बघितलं. काजवालीनं बघायचं टाळलं. त्याच्यावर ओरडावं एवढंही तिच्या अंगात त्राण नव्हतं. तिला नुसतं रडू येत होतं.

मग नव्या पाळकाचं स्वागत. दोघांना पुढं बोलावलं. एकतीस वर्षं सेवा केलेले म्हातारे पाळक आता थरथरत्या आवाजात प्रश्न विचारू लागले. नवऱ्यानं सगळ्यांना हो म्हटलं. शेवटचा प्रश्न बायकोला असतो: पतीच्या सेवेत आनंदानं साथ द्याल ना? एका अक्षरात आटपणारं काम. पण ही मंडळी कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत. आमचं हो म्हणजे हो, म्हणतात. लहानपणापासून तेच अंगात मुरलेलं. काजवालीनं तोंड उघडलं, पण ते एक अक्षर काही बाहेर पडेना.

"साथ देईन," ती शेवटी म्हणाली. "आनंदानं नाही. मी फार दमलेय."

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. असं उत्तर आलं तर पुढं काय करायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हातारे पाळक म्हणाले, ठीक आहे, जे खरं ते सांगितलंत. मग त्यांनी लोकांना स्वागताला पुढं बोलावलं.

सगळ्यांत आधी त्यांची स्वतःची बायको उठली. पाळकीणबाईंचे गुडघे धरलेले, चार पावलं टाकायला त्यांना बराच वेळ लागला. रीतीप्रमाणे नव्या पाळकाच्या बायकोचे हात हातात घेऊन आशीर्वाद द्यायचा असतो. त्यांनी हात घेतले, पण आशीर्वाद काही दिला नाही.

"एकतीस वर्षांपूर्वी मी इथंच उभी राहून 'आनंदानं देईन' असं म्हणाले होते," त्या हळूच म्हणाल्या. "आयुष्यात तेवढं एकच खोटं बोललेय बघ."

म्हातारे पाळक हाताच्या अंतरावर होते. त्यांना ऐकू गेलं. मग त्यांनी भिंतीजवळची खुर्ची ओढत आणली, आणि दोघींपैकी आधी कुणाला बसवावं हे न कळून ती धरून उभे राहिले.