त्रास आधी लिहायचा

मूल गावातल्या अर्ध्या बायकांची मापं निशात आपाला तोंडपाठ होती. स्वतःचं माप तिनं कधी घेतलं नव्हतं. टेप पुरत नसे. नवा कुर्ता हवा असला की जुना उसवायची आणि त्यावरून कापड कापायची.

तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि वजन एकशे चाळीस किलो. मशीनवर बसली की स्टूल दिसत नसे. पण पायडल असं चालायचं की गल्लीच्या तोंडाशी आवाज ऐकून आपा आज ब्लाऊज शिवते आहे की गादीची खोळ, हे कळायचं. गिऱ्हाइकांनी हसायच्या आधी तीच स्वतःवर हसून घ्यायची. लग्नात वाढप्याला म्हणायची, "माह्या ताटात पाहून वाढ बाबू, मागच्यायले नाई पुरणार."

दोन हजार सहाच्या डिसेंबरात तिचा भाऊ मोहसीन तिला हैदराबादला घेऊन गेला. पोट लहान करायचं ऑपरेशन झालं. परत आली ती एक कागद घेऊन. त्यावर आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या होत्या, घास किती वेळ चावायचा ते होतं, आणि खाली इंटरनेटवरच्या एका ग्रुपचा पत्ता. ऑपरेशन झालेली आणि व्हायची असलेली देशभरातली माणसं त्यात इंग्रजी अक्षरांत, हिंदी-मराठीत एकमेकांना लिहीत. वजन उतरलं तरी हा ग्रुप सोडायचा नाही, असं डॉक्टरांनी तिला दोनदा बजावलं होतं.

मी मराठीत एम.ए. करून बसले होते. बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेचा काउंटर सांभाळत होते. आपा कागद घेऊन आली आणि म्हणाली, "हे उघडून दे करिश्मा. मी सांगतो ते लिहून दे. मले इंग्रजी येत नाई."

अशी मी तिची लेखनिक झाले. दर रविवारी अकरा वाजता ती यायची. ग्रुपचा एकच नियम होता. नागपूरच्या इंदुताईंनी तो घातला होता. ऑपरेशन झालेल्यांनी रविवारी लिहायचं, आणि लिहिताना त्रास आधी लिहायचा. किती किलो उतरले, ते शेवटी.

आपाला हा नियम फार आवडला होता. गावात तिला सगळे एकच विचारायचे, आता किती झालं? आणि लगेच आग्रह करायचे, एक घास घे, एका घासानं काय होते. तिसऱ्या घासाला तिच्या छातीत दुखायचं आणि यजमानीण रुसायची. ग्रुपमध्ये मात्र तिला विचारत, काल काय पचलं नाही? वर्षभरानं मी म्हटलं, आता झालीस की बारीक, कशाला येतेस दर रविवारी? ती म्हणाली, "इथी मले कोणी जेवाले बोलवत नाई."

मला नियम आवडला नव्हता. उलट्या, जुलाब, केसगळती, यानं कुणी पत्र सुरू करतं का? मी क्रम बदलायला लागले. आपा मूलच्या धानाविषयी, मशीनविषयी काही बोलली की ते वर घ्यायचे. त्रास खाली, एका ओळीत. लोकांना आवडलं. मूलच्या निशातच्या पत्रांची लोक वाट पाहायला लागले. मी त्यांची कौतुकं आपाला वाचून दाखवायचे. ती लाजायची. कौतुक पत्राचं होतं, म्हणजे माझं होतं. हे तिला कळलं नसेल. मला कळत होतं.

दोन हजार आठच्या सप्टेंबरात रमजान आला. आपानं रोजे धरले. कुणाला विचारलं नाही. मन्सूरभाई, तिचा नवरा, राइस मिलमध्ये फिटर होते. त्यांनी एकदा नको म्हणून पाहिलं. ती म्हणाली, आता तब्येत बरी झाली आहे, आता नाही तर कधी? दिवसभराची भूक, मग इफ्तारला चार माणसांत घाईघाईचे घास. तिला उलट्या सुरू झाल्या. गोळ्याही पडून जायच्या.

एका रविवारी तिनं लिहायला सांगितलं की पंधरा दिवस झाले, रोज उलट्या होतात. तळपाय बधिर झाले आहेत. पायडल चालतं आहे की थांबलं, ते खाली पाहिल्याशिवाय कळत नाही. काय करावं?

त्याच आठवड्यात रायपूरच्या अन्नपूर्णा नावाच्या मुलीचं ऑपरेशन होतं. ती घाबरली होती. मूलच्या निशातनं मला दोन शब्द लिहावेत, असं तिनं लिहिलं होतं. मी दोन पानं लिहिली. चांगली लिहिली. उलट्या आणि पाय त्यात बसत नव्हते. वाटलं, पुढच्या वेळी लिहू.

पुढच्या रविवारी आपा भिंतीचा आधार घेत आत आली. बसायच्या आधीच विचारलं, "पायाचं काय म्हणाले?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. "होते म्हणतात असं. जाईल."

"इंदुताई म्हणाल्या?"

"हो."

तिचा चेहरा सैल झाला. ती निर्धास्त घरी गेली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी ती मशीनवरून उठताना पडली आणि उठू शकली नाही. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी मन्सूरभाईंना सांगितलं की उलट्यांमुळे अंगातलं एक जीवनसत्त्व संपलं, पायांच्या नसा गेल्या. पाय बधिर झाले तेव्हाच आणलं असतं तर इंजेक्शनवर भागलं असतं. मन्सूरभाई मला हे सांगत होते आणि मी मान हलवत होते.

मग मी ग्रुपची जुनी पत्रं उघडली. इंदुताईंनी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. उलट्या थांबत नसतील तर वाट पाहू नका, त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. पाय बधिर झाले तर धावा. ते पत्र मी वाचलेलं होतं. आपाला वाचूनही दाखवलं होतं, पहिल्या महिन्यात. भाषा रुक्ष आहे, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं होतं.

आपा डिसेंबरात घरी आली. वॉकर धरून दोन खोल्यांत फिरायची. मशीनवर चादर घातलेली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुले काय वाटलं, मी तिथी चांगली दिसाले जात होतो?"

ती वॉकर धरून आतल्या खोलीत गेली.

आता मन्सूरभाई तिला रविवारी रिक्षानं कॅफेत सोडतात. ती स्वतः लिहिते, एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत आपली बोली. चार ओळींना तास लागतो. पहिल्या दिवशी तिनं काय लिहिलं ते मी तिच्या मागे उभी राहून वाचलं: पाय अजून नाई आले. रोजे धरले होते. विचारलं नाई. चूक माही.

माझं नाव त्यात नव्हतं.

पहिलं उत्तर अन्नपूर्णाचं आलं. तिलाही चार दिवस उलट्या होत होत्या. कुणाला सांगितलं नव्हतं. आपानं ते हळूहळू वाचलं आणि लगेच टाइप करायला घेतलं. एक अक्षर सापडेना. तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं, "जे कुठी हाये?"

मी बोट ठेवून दाखवलं आणि काउंटरवर परत आले.