मनूताईचं कंट्री गाणं आणि मावशीचं सिंगापूर

सिंगापूरला जायचं ठरलं ते मावशीच्या गुडघ्यांमुळे. "गुडघे चालताहेत तोवर ये," असं मावशीची लेक मनूताई किती वर्षं तिच्या मागे लागली होती आणि मावशी दरवेळी क्लासच्या परीक्षा पुढे करत होती. मावशीचा नाशिकला गाण्याचा क्लास आहे. तिच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "बरं", आणि तेवढ्यावर मुली आठवडाभर खूश असतात. शेवटी २०१७च्या डिसेंबरात मीच दोन तिकिटं काढली, व्हिसाचे कागद एजंटाच्या गळ्यात मारले आणि मावशीला सांगितलं, "तू येत नसलीस तर मी एकटी जाते आणि तुझ्या लेकीचं गाणं ऐकून येते." बाण बरोबर लागला.

मनूताई माझी मावसबहीण. सिंगापूरच्या पार टोकाला, तुआसच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते आणि शनिवारी डोक्यावर हॅट, पायात बूट चढवून कंट्री गाते. म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं, गिटारवरचं गाणं. मावशीनं तिला लहानपणापासून शास्त्रीय गाण्याच्या तालमीत वाढवलं होतं आणि लेकीनं भलताच सूर धरला, म्हणून ती हे गाणं ऐकायचंच टाळत आली होती. फोनवर विषय निघाला की भाजी करपते म्हणून ठेवून द्यायची. आईनं एकदा समोर बसून ऐकावं, एवढंच मनूताईला हवं होतं. तसं ती म्हणाली नाही, पण आम्ही निघण्याआधी तीनदा विचारलं, "शनिवारी आहात ना नक्की?"

विमानात शेजारच्या काकूंनी चौकशी केली, "मुलगी काय करते?"

"अकाउंट्सला असते," मावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर काळोखाशिवाय काही नव्हतं. मी चकल्यांचा डबा उघडला.

मनूताईचा फ्लॅट बिशानला, स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. तुम्ही जाणार असाल तर विमानतळावरच MRT चं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं कार्ड घ्या आणि टॅक्सीचा मोह आवरा. डिसेंबरात दुपारी पाऊस ठरलेला, पण इमारतीपासून स्टेशनपर्यंत डोक्यावर छप्पर असतं. सासरहून मिळालेली माझी भारी छत्री परत येईपर्यंत उघडलीच नाही.

पहिल्या सकाळी नाश्त्याला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत गेलो. व्हेज स्टॉलवरच्या शेवयांना मावशीनं आधी नाक मुरडलं, मग प्लेट चाटूनपुसून साफ केली. तीन डॉलरमध्ये पोट भरतं, लक्षात ठेवा. तिथे रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा तुमची. मावशीला हे फार आवडलं. "आपण कार्यक्रमाला रुमाल टाकतो तसंच की!" तिचं या देशाबद्दलचं पहिलं चांगलं मत हे असं झालं. पुढे त्यानंच आमची फजिती केली, ते सांगतेच.

मनूताईच्या शेजारी अंकल डेरिक राहतात. सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या मिशा, कॉरिडॉरमध्ये कुंड्यांच्या मधोमध बसून गिटार वाजवतात. मनूताईचं लग्न मोडलं तेव्हा ती इथे नवी होती, ओळखीचं कुणी नव्हतं. संध्याकाळी कामावरून आली की ती दार उघडं ठेवून अंकलची गिटार ऐकत बसायची. एक दिवस नकळत गुणगुणली आणि अंकलनी तिला खुर्ची आणून दिली.

"तुमची मुलगी तेव्हा दारात बसून फक्त रडायची," अंकल शेवटी 'लाह' जोडायच्या तिथल्या इंग्रजीत मावशीला सांगत होते. "मी म्हटलं, यू क्राय ऑलरेडी इन ट्यून, माइट ॲज वेल सिंग, लाह."

मी मराठीत सांगायला लागले, पण मावशीला समजलं होतं. त्या दिवसांबद्दल मनूताईनं घरी फक्त "मी ठीक आहे" एवढंच कळवलं होतं.

"पण कंट्री म्हणजे गावाकडचं ना?" मावशीनं रात्रीचं ताट वाढताना विचारलं. "या देशात गाव आहे कुठे?"

"नाही म्हणून तर गातात, आई," मनूताई म्हणाली.

शुक्रवारी लिटिल इंडिया. तुम्हाला भाजी, मसाले, गजरे, सोनं असं सगळं एका रस्त्यावर हवं असेल तर अख्खा दिवस ठेवा. मावशीनं मोगऱ्याचा गजरा घेतला आणि तो फ्रिजमध्ये ठेवायला लावला. कुणासाठी ते विचारलं नाही. उत्तर मिळालं नसतंच.

शनिवारी दुपारी कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये कार्यक्रम. आम्ही रिवाजाप्रमाणे तासभर आधी हजर. हॉल रिकामा, खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या! मावशीला हा गलथानपणा सहन होईना. आम्ही दोघींनी तीन खुर्च्या ओढत थेट स्टेजसमोर नेल्या, तिसरीवर रुमाल टाकला आणि ऐटीत बसलो. थोड्या वेळानं हॅट घातलेल्या चाळीसेक आज्या आमच्याभोवती रांगा करून उभ्या राहिल्या. त्यांच्या म्होरक्या आंटी लिननं हसत हसत सांगितलं, "आंटी, यू सिट ऑन अवर डान्स फ्लोअर, लाह!"

हा लाइन डान्सचा कार्यक्रम होता. मनूताईनं सांगितलं होतं की लोक नाचतात, पण आम्हाला वाटलं, मागे कुठेतरी. खुर्च्या उचलून आम्ही पार मागच्या भिंतीशी गेलो. लाइन डान्समध्ये जोडीदार नसतो. सगळे रांगेत एकाच पावलांनी नाचतात आणि ठरावीक मात्रा झाल्या की अख्खी रांग चतकोर वळून पुढच्या भिंतीकडे तोंड करते. म्हणजे निम्मं गाणं होईतो सगळ्यांची पाठ गाणारीकडे.

मावशीचा चेहरा लाल झाला. "ही काय पद्धत? ती गातेय आणि हे तोंड फिरवून उभे!" मलाही ते टोचलं, खोटं कशाला सांगू.

मनूताई छान गात होती, साथीला गिटारवर अंकल. डोक्यावर हॅट, वेणीत मावशीचा गजरा. मग तिनं स्वतः रचलेलं गाणं घेतलं, तुआसहून घरी येणाऱ्या बसचं. कडव्याच्या शेवटी तिनं आमच्याकडे पाहिलं आणि अचानक सूर धरून एक लांबच लांब तान घेतली. घोटलेली, नाशिकच्या क्लासातली. माझ्या अंगावर काटा आला.

तानेत मात्रा लांबल्या आणि रांगा कोसळल्या. अर्ध्या आज्या वळल्या, अर्ध्या थांबल्या, दोघी एकमेकींवर आपटल्या. अंकलची गिटार थबकली. "आय्यो मनू, माय काउंट व्हेअर गो?" आंटी लिन ओरडली.

मावशी उठली. गुडघे धरत, आज्यांच्या गर्दीतून वाट काढत थेट स्टेजपाशी गेली. मी मागे पळाले. मनूताई पांढरीफटक.

"कुणासाठी घेतलीस ही तान?"

"तुझ्यासाठी. म्हटलं, तुला वाटू नये की मी विसरले."

"एवढ्या बायका तुझ्या भरवशावर पाऊल उचलतात, आणि तू त्यांना मध्येच सोडून देतेस? हे शिकवलं मी?" मावशीचा आवाज क्लासातल्यासारखा चढला होता. "मला दाखवायला गाऊ नकोस, मनू. त्यांच्यासाठी गा. पुन्हा पहिल्यापासून घे."

मनूताईनं डोळे पुसले आणि अंकलना खूण केली.

या वेळी गाणं सरळ आलं, एकाही मात्रेला धक्का नाही. पुन्हा भिंतीशी बसलेल्या मावशीचा हात मांडीवर ठेका धरत होता. रांगा वळल्या, आणखी एकदा वळल्या आणि सगळ्या आज्यांची तोंडं आमच्याकडे झाली. तेव्हा दिसलं की प्रत्येकीचे ओठ हलत होते. तुआसच्या बसचा शब्द न् शब्द त्यांना येत होता. मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं आणि गाणं संपेपर्यंत सोडलं नाही.

कार्यक्रमानंतर मनूताई समोर येऊन उभी राहिली, शाळकरी मुलीसारखी. मावशीनं तिच्या वेणीतला घसरलेला गजरा नीट केला. "दुसऱ्यांदा बरं झालं," म्हणाली. मनूताई हॅट तोंडावर धरून रडली आणि मला ताबडतोब भूक लागली. माझं असंच होतं.

परत येऊन आता दोन महिने होतील. आणलेली चॉकलेटं संपली, फोटोंचं अजून वर्गीकरण झालेलं नाही. परवा मावशीकडे गेले तर ती ओट्यापाशी पोळ्या करत होती. लाटून झाली की एक पाऊल, दुसरं पाऊल, वळून गॅस. पुन्हा दोन पावलं, वळून फ्रिज. मी दारात उभी आहे हे तिला कळलंच नाही. गुडघे काही कुरकुरत नव्हते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई विरजण मागायला आल्या. भिंतीवरच्या फोटोतली हॅटवाली कोण, असं त्यांनी विचारलं.

"माझी मुलगी. सिंगापूरला गाते," मावशी म्हणाली आणि पोळी उलटली. "वेळ उरला की अकाउंट्सही बघते."