तिसऱ्यांदा आलेला होकार

शहाजीराव माणूस तसा गरीब, पण तारेच्या बाबतीत महाहट्टी. मामल्लपुरमकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर, कोवळमच्या अलीकडे, खाडीच्या काठाला एक साहसी खेळांचं उद्यान आहे. तिथे दोन मनोऱ्यांमध्ये पोलादी तार ताणलेली आहे आणि धडधाकट माणसं पदरचे पैसे मोजून त्या तारेला लोंबकळायला येतात. अलीकडच्या मनोऱ्यावर, जिथून माणसाला सोडतात, तिथे शहाजीराव उभे. पलीकडच्या मनोऱ्यावर, जिथे त्याला धरतात, तिथे रंगा. मध्ये खाडीचं पाणी, त्यापुढे सुरूची दाट झाडी, आणि रंगाच्या मनोऱ्याखाली पुन्हा खाडीचंच वळण. त्या झाडीमुळे इकडच्याला तिकडचं काही दिसत नाही, म्हणून सगळा कारभार वॉकीटॉकीवर चालतो.

शहाजीरावांचं वय त्रेसष्ट, घर तांबरमला. बोली तंजावरची मराठी, तीनशे वर्षं तमिळमध्ये मुरलेली. पेन्शन चालू होती, डोक्यावर छप्पर होतं, तरी हा गृहस्थ रोज सकाळी बस पकडून बारा मीटर उंच मनोऱ्यावर चढायला का जातो, हे त्यांच्या बायकोला, महालक्ष्मीबाईंना, कधी कळलं नाही. विचारलं की म्हणत, वेळ जातो. खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी स्वतःलाही कधी नीट सांगितलं नसेल. दिवसातून पन्नास वेळा ‘वाट मोकळी का?’ असं विचारावं, पन्नास वेळा होकार यावा, माणूस सुखरूप पोचावा आणि कोणी मरू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

कारण एकदा कोणीतरी मेलं होतं. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात शहाजीरावांनी तेहेतीस वर्षं क्रेनखाली काम केलं. ओझं बांधायचं, वर बसलेल्या ड्रायव्हरला हाताने खूण करायची आणि ते उचलायला लावायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांपूर्वी एका दुपारी मोठ्या यंत्राच्या पलीकडच्या बाजूला सुब्बा नावाचा त्यांचा जोडीदार साखळीची कडी लावत होता. शहाजीरावांनी विचारलं, ‘झालं का?’ पलीकडून आवाज आला, ‘हो, उचल.’ त्यांनी हात वर केला. ओझं उचललं गेलं, कडी निसटली, आणि सुब्बा त्याखाली सापडला.

चौकशी झाली. कारखान्याच्या त्या विभागात इतर सात जण होते, त्यांतल्या कोणीही कसलाच होकार ऐकला नव्हता. शहाजीराव मात्र एका वाक्यावरून तसूभर हलले नाहीत: सुब्बानेच हो म्हटलं. यंत्रांचा गोंगाट होता, असं कागदावर लिहून साहेबांनी प्रकरण मिटवलं. सुब्बाच्या बायकोलाही, देविकाला, त्यांनी तेच सांगितलं आणि त्या बाईने ते मानलं. दर पोंगलला शहाजीराव तिच्याकडे ऊस आणि साडी घेऊन जात, आणि ती त्यांना जेवू घालून पाठवी. आपल्या नवऱ्याने स्वतःच हो म्हटलं तर या बिचाऱ्याचा काय दोष, असं ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची. त्या शब्दांवर शहाजीरावांची झोप टिकून होती.

तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. होकार तीनदा ऐकल्याशिवाय हात हलवायचा नाही. रंगा या नियमाला जाम वैतागायचा. उद्यानाचा मॅनेजर नवीन तर त्याहून जास्त, कारण खाली रांग खोळंबायची.

आता थोडं त्या वॉकीटॉकीबद्दल. गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्यात काहीतरी बिघडलं होतं. शहाजीराव विचारायचे, आणि कधीकधी उत्तर जरा लवकरच यायचं. प्रश्न पुरता संपायच्या आधीच. रंगाला विचारावं तर तो म्हणे, मी तर तेव्हा बटणसुद्धा दाबलं नव्हतं. एका संध्याकाळी काम आटोपून रंगा खाली उतरला होता, चहा पिताना शहाजीरावांना समोर दिसत होता, आणि टेबलावर पडलेल्या वॉकीटॉकीतून कोणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, ‘मोकळं आहे.’ गेल्या महिन्यात अशाच एका होकारावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी वीस मिनिटं सगळी रांग थांबवून धरली. नवीनने तेव्हा बजावलं की पुन्हा असं झालं तर उद्यापासून येऊ नका.

अशात नाताळच्या सुट्टीत नाशिकहून लेक आली. नंदिता, जावई उदयसिंह आणि आठ वर्षांची नात ऊर्मी. आजोबा माणसांना तारेवरून उडवतात ही गोष्ट ऊर्मीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवली होती, तेव्हा नाही म्हणायची सोयच नव्हती. महालक्ष्मीबाईंनी गुडघ्यांमुळे घरी राहायचं ठरवलं. चिंचेचा भात आणि डांगर पचडीचा, म्हणजे दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाचा, डबा मात्र भरून दिला. डांगर आमच्याकडेही करतात, असं म्हणून जावईबापूंनी गाडीतच झाकण उघडून बोट बुडवलं.

उद्यानात पोचल्यावर मात्र जावईबापूंचं आणि सासऱ्यांचं जरा वाजलं. फोन गळ्यात अडकवून तारेवर जायचं नाही, असं शहाजीरावांनी सांगितलं. उदयसिंहांनी मान डोलावली, फोन खिशात टाकला, पण त्याची लांब दोरी गळ्यातच ठेवली. तारेवर गेलं की थोडं शूटिंग करू, एवढंच त्यांच्या मनात होतं. शहाजीरावांनी पट्टे तपासले, कड्या तपासल्या. शर्टाच्या आत गेलेली दोरी त्यांना दिसली नाही.

पहिली नंदिता गेली. तीन होकार आले, तिन्ही रंगाचे, तिसऱ्याला कंटाळा स्पष्ट ऐकू येत होता. मग उदयसिंह गेले, मोठ्याने ओरडत. सुरूच्या झाडीत शिरले आणि दिसेनासे झाले. ओरडणंही मध्येच थांबलं. त्या दिवशी समुद्राकडून वारा होता आणि सुरूच्या झाडांतून एकसारखा सूं-सूं आवाज येत होता, त्यामुळे शहाजीरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता मनोऱ्यावर ते आणि ऊर्मी, दोघंच. बाकीची रांग खाली जिन्याशी. त्यांनी नातीचे पट्टे दोनदा ओढून पाहिले, कप्पीला तिची कडी लावली, आणि तिला फळीच्या टोकाशी उभं केलं. एक हात तिच्या पाठीवरच्या पट्ट्यात ठेवून दुसऱ्या हाताने वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि तमिळमध्ये विचारलं, वाट मोकळी का?

काही उत्तर नाही. नुसती खरखर.

पुन्हा विचारलं. ‘सरि, विडु,’ आवाज आला. ठीक, सोड. रंगासारखाच वाटला, नाहीही वाटला.

शहाजीरावांनी आणखी एकदा विचारलं. पुन्हा तेच. ‘सरि, विडु.’ मधल्या वेळात वाऱ्याचा आवाज त्या यंत्रातून यायला हवा होता, कारण रंगा उघड्यावर उभा असायचा. तो येत नव्हता. बोलणारा जणू बंद खोलीत बसून बोलत होता.

खालून नवीनने हाक मारली, उशीर का होतोय. ऊर्मीने मान वळवून आजोबांकडे पाहिलं. तिला भीती वाटत नव्हती, तिला फक्त जायचं होतं. नियम त्यांचाच होता. दोन झाले होते, तिसरा आला की सोडायचं. तिसऱ्या होकारासाठी त्यांनी पुन्हा विचारलं.

‘ऊर्मीला सोड,’ वॉकीटॉकीतून आवाज आला.

मराठीत. रंगाला मराठी येत नाही. पलीकडे नंदिता पोचली होती, पण हा बाईचा आवाज नव्हता. आणि उदयसिंहांचाही नव्हता, ते मघाशी ओरडताना शहाजीरावांनी ऐकले होते.

शहाजीरावांनी वॉकीटॉकी खाली ठेवलं आणि तारेवर तळहात ठेवला. हे त्यांचं कारखान्यातलं ज्ञान. मोकळी तार वाऱ्याने हातात बारीक थरथरते. ओझं असलेली तार जड आणि मुकी लागते. वय झालं होतं, बोटं पूर्वीसारखी राहिली नव्हती, त्यांना पटकन खात्री होईना. त्यांनी डोळे मिटले. कान सांगत होते मोकळं आहे, तीनदा सांगत होते. हात सांगत होता, कोणीतरी अजून तारेवर आहे.

त्यांनी ऊर्मीला मागे ओढलं आणि तिची कडी काढली.

मग काय, गोंधळ झाला. नवीन तणतणत वर आला. शहाजीराव म्हणाले, पलीकडून उत्तर नाही. ऊर्मी आठ वर्षांची, तिने खरं तेच सांगितलं, तेही स्वच्छ इंग्रजीत, की उत्तर आलं, तीनदा आलं, मला सोडायला सांगितलं. नवीनने शहाजीरावांकडे असं पाहिलं की बोलायची गरजच राहिली नाही. त्याने वॉकीटॉकी उचललं आणि स्वतः रंगाला हाक मारली. चारदा, पाचदा. कोणीच बोललं नाही. तेव्हा कुठे त्याचा चेहरा बदलला, आणि त्याने एका माणसाला पलीकडे पळवलं.

उदयसिंह झाडीच्या पलीकडे, मनोऱ्यापासून पंधरा-वीस हात अलीकडे अधांतरी लटकत होते. फोनची दोरी शर्टातून बाहेर उडून कप्पीत अडकली होती. त्यांना ओढून घ्यायला रंगा दोर फेकत वाकला, तेव्हा त्याच्या कमरेचं वॉकीटॉकी निसटून खाडीत पडलं. हे उदयसिंह अडकल्यावर लगेचच झालं होतं. पुढचा सगळा वेळ रंगा आणि नंदिता इकडच्या दिशेने जीव खाऊन ओरडत होते, आता सोडू नका म्हणून, पण वाऱ्याने त्यांचा आवाज इकडे पोचूच दिला नाही. ऊर्मी सुटली असती तर तेवढ्या वेगाने सरळ बापावर जाऊन आदळली असती. उदयसिंहांना दोराने सुखरूप ओढून घेतल्यावर रंगाने हे नवीनला सांगितलं.

त्याचं वॉकीटॉकी खाडीच्या तळाला होतं. मग इकडे बोललं कोण, हे नवीनने विचारलं नाही. उद्या या, एवढंच म्हणाला.

कोणाला भूक नव्हती, पण ऊर्मीला होती, आणि पोराबाळांची भूक थांबत नाही. किनाऱ्यावर झापांच्या टपरीत एक बाई वंजरमचे, म्हणजे सुरमईचे, तुकडे तव्यावर तळत होती. मसाल्याचा झणझणीत वास सुटला होता. उदयसिंहांनी मासे मागवले, ताडाचे उकडलेले कोंब घेतले, ते कसे सोलायचे हे त्या बाईकडून शिकून घेतलं. सासऱ्यांची त्यांनी दोनदा माफी मागितली, आणि तिसऱ्यांदा मागू लागले तेव्हा शहाजीरावांनी त्यांच्या पानावर चिंचेचा भात वाढला. नंदिता सारखी लेकीच्या केसांवरून हात फिरवत होती.

शहाजीरावांना आत कुठेतरी सुख वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. एवढ्या वर्षांनी एकदा तरी त्यांनी बरोबर केलं होतं. आवाज सुब्बाचा होता, असं त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. तोच तो, तेव्हा त्यानेच फसवलं, आज पुन्हा फसवायला आला. भीती वाटत होती, पण त्या भीतीत एक दिलासाही होता. आपण खोटं बोललो नव्हतो.

ऊर्मी माशाचा काटा बाजूला काढत होती. ती म्हणाली, ‘आजोबा, मला सोड म्हणून तुम्ही स्वतःच सांगितलं, मग मागे का ओढलं?’

‘मी काय म्हणटलं नाही गे,’ शहाजीराव म्हणाले. ‘ते पलीकडनं आलं.’

‘त्या डब्यातून आलं, पण आवाज तुमचा होता.’ ती अगदी सहज बोलत होती. ‘मी बघत होते ना तुमच्याकडे. तुमचं तोंड बंद होतं. पण तुम्हीच बोलत होतात.’

उदयसिंह हसायचा प्रयत्न करून म्हणाले, लहान मुलांना काहीही वाटतं. शहाजीराव हसले नाहीत. हातातला घास तसाच धरून ते सुब्बाचा आवाज आठवायला लागले. सव्वीस वर्षांत हजार वेळा आठवलेलं ते वाक्य, यंत्राच्या पलीकडून आलेलं. चौकशीत त्यांनी ते तमिळमध्ये सांगितलं होतं, तमिळमध्येच लिहून घेतलं गेलं. देविकालाही तमिळमध्येच सांगितलं होतं. पण कानावर आलं तेव्हा ते कसं आलं होतं? ‘हो, उचल.’ ते तमिळ नव्हतं. ते घरातलं बोलणं होतं, त्यांच्या स्वतःच्या घरातलं, आणि सुब्बाला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

हातातला घास पानात सुटला.

नंदिताचं लक्ष गेलं. ती दहा वर्षांची होती तेव्हापासून घरात तेच वाक्य ऐकत मोठी झाली होती, देविकामावशीच्या घरी बापाच्या मांडीवर बसून तिने ते ऐकलं होतं. तिने विचारलं, ‘अप्पा, काय होतंय?’

‘नंदिता,’ शहाजीराव म्हणाले, ‘त्या दिवशी सुब्बा काही बोल्ला नव्हता.’

नंदिताने आपलं पान बाजूला सारलं आणि ती त्यांच्याकडे पाहत राहिली.