बिनानावाचे तीन ठोकळे

तपासनीसकाकांना माणसं कमी आणि ठोकळे जास्त भेटत. काँक्रीटच्या कारखान्यातली तपासणीची खोली, टाकीत बुडवून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे, ते दाबून फोडणारं यंत्र आणि काका. बायको गेल्यापासून घरी तरी कोण होतं बोलायला? म्हणून ते ठोकळ्यांशीच बोलत. लोक हसत. हसेनात का!

निवृत्तीआधी त्यांना एकच गोष्ट करून दाखवायची होती. वीजकेंद्राबाहेर राखेचे ढीग नुसते पडून होते. निम्म्या सिमेंटऐवजी ती राख घातली तरी काँक्रीट भक्कमच होतं, असं त्यांचं म्हणणं. तसे ठोकळे करून नेमाप्रमाणे अठ्ठाविसाव्या दिवशी फोडले, ताकदीचा आकडा आला एकवीस. हवा होता तीस. साहेब म्हणाले, "काका, पुरे आता. काढा ते खूळ डोक्यातून."

अहो, राखेचं काँक्रीट सावकाश घट्ट होतं, त्याला नव्वद दिवस द्या, असं काकांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. पण ऐकतो कोण? मग त्यांनी त्याच मालाचे उरलेले तीन ठोकळे गुपचूप टाकीच्या कोपऱ्यात सरकवले. कुणी ओळखून फेकून देईल म्हणून त्यांच्यावरचं मालाचं नाव आणि तारीखही खरवडून टाकली.

नव्वदावा दिवस उजाडला तेव्हा निवृत्तीला चार दिवस उरले होते. काकांनी पहिला ठोकळा यंत्रात ठेवला. काटा तीस ओलांडून गेला, चाळीसही. शेहेचाळीसला ठोकळा फुटला. दुसराही तसाच, तिसराही. काका तुकडे घेऊन जवळजवळ धावतच साहेबांकडे गेले.

साहेबांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले. "नाव नाही, तारीख नाही. हे राखेचे कशावरून?"

"मी सांगतोय ना!"

"काका, बिनानावाचा ठोकळा धरायचा नाही, हे मी नवा होतो तेव्हा तुम्हीच शिकवलंत."

एवढ्याच कारणासाठी काकांनी आजवर कितीतरी ठोकळे बाद केले होते. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता त्यांनी. खोलीत परतल्यावर त्यांना रडूच आलं.

दुपारी त्यांनी पुन्हा राखेचा माल कालवला, तीन साचे भरले आणि ठळक अक्षरात नाव आणि तारीख घातली. नोंदवहीत फोडायची तारीख लिहिली, तीन महिन्यांनंतरची. पुढचा रकाना होता: कोण फोडणार? काकांनी एकेकाला आठवून पाहिलं. साहेब. मिक्सरवाला. दारावरचा पहारेकरी. मग रकाना कोराच ठेवून त्यांनी वही मिटली.