माझी सून पोकलेनवर बसली तेव्हा

माझ्या थोरल्या सुनेच्या हाती वीस टनांचं यंत्र आलं, तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. त्याआधी सहा वर्षं ती त्याच ठेकेदाराच्या बांधकामांवर गाड्यांना झेंडी दाखवायची. लाल म्हणजे थांब, हिरवी म्हणजे ये. माझा थोरला काविळीने गेला, तेव्हापासून घर तिच्यावर आणि माझ्या धाकट्यावर चालायचं. धाकटा तिथेच डंपर चालवायचा. त्या वर्षी एका मोठ्या इमारतीच्या पायासाठी तीन मजले खोल खड्डा चालला होता. तळाशी पोकलेन माती उकरणार, आणि डंपर ती उतारावरून वर नेणार.

पोकलेनच्या म्हाताऱ्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणत. त्यांची नजर अधू होत चालली होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सुनेला शिकवायला घेतलं. पहिले दोन महिने लिव्हरला हातही लावू दिला नाही. ग्रीस भर, चाकांच्या जागी असते त्या लोखंडी चेनमधली माती खरवड, तेल कुठून गळतंय ते बघ. पहिल्यांदा सीटवर बसली, तेव्हा तिने बकेट अशी आदळली की यंत्र पुढून उचललं गेलं. मामा ओरडले, "अगं बाई, माती काढायचीय, जमिनीचा जीव नाही घ्यायचा!" हे तिने घरी येऊन सांगितलं आणि मी पोट धरून हसले. धाकटा मात्र ताट सारून उठला.

आठ महिन्यांनी ती ऑपरेटरची परीक्षा पास झाली, मामा घरी बसले आणि खड्ड्यातलं पोकलेन तिच्याकडे आलं. म्हणजे धाकट्याचा डंपर आता वहिनी भरणार. बाकीचे ड्रायव्हर काय सोडतात! "काय रे, वहिनीने वाढलं का पोटभर?" रोज हेच. तो घरी येऊन भांडी फेकायचा. एकदा त्याने तिच्या कानफटात मारली, तशी ती ओट्यावर जाऊन आदळली आणि तिचा पुढचा दात पडला. मी चूल सोडून उठले नाही. "जाऊ दे, तापट आहे तो," एवढं म्हणाले. तिने दात मोरीत थुंकला, तोंड धुतलं आणि सकाळी कामावर गेली.

आठवडाभराने मी तिचा विसरलेला डबा द्यायला गेले. खड्ड्याच्या काठावर पोचते तर खाली आरडाओरडा. धाकटा डंपरमधून उतरून पोकलेनच्या चेनवर चढला होता. हातात चाकं खोलायची लोखंडी टॉमी. "उतर खाली! उतर म्हणतो ना!" त्याने काच फोडली, आत हात घालून तिचे केस धरले आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिचा चेहरा लाल झालेला मला वरून दिसला. बाकीचे नुसते बघत होते, माझ्यासारखेच. तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला, तसा तो खाली पडला. टॉमी उचलून यंत्राच्या मागून, दुसऱ्या बाजूने चढायला धावला.

पोकलेन जागेवर फिरलं. पुढची बकेट डावीकडे गेली आणि मागचा वजनाचा लोखंडी ठोकळा उजवीकडे आला. तो ठोकळा आणि मागे उभा डंपर, दोघांच्या मध्ये हातभर जागा होती, आणि त्या जागेत माझा मुलगा. तेवढीही उरली नाही. तो आवाज मी विसरू शकत नाही. ओलं लाकूड मोडावं तसा.

तिने यंत्र परत फिरवलं, खाली उडी मारली, स्वतःची ओढणी त्याच्या चिरडलेल्या पायाच्या वर, मांडीला आवळून बांधली. स्वतःच्या डोक्यातून रक्त गळत होतं, तरी "दाबून धरा, वर उचला, मान सांभाळा" असं सगळ्यांवर ओरडत राहिली. डॉक्टर म्हणाले, त्या गाठीने जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलीस आले. सगळ्या ड्रायव्हरांनी सांगितलं, चालू यंत्राच्या मागे धावायचं नसतं, तो धावला. रक्ताने तिचे डोळे भरले होते, तिला काय दिसणार! त्यांनी तेवढं लिहून घेतलं.

दवाखान्याच्या जिन्यात मी तिला गाठलं. कपाळाला अकरा टाके होते.

"खरं सांग. तुला तो दिसला होता?"

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "आरशात दिसला होता, आई."

मी तिला मारायला हात उचलला. तो हात तसाच राहिला. ओट्याजवळ मी काय केलं होतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. पुढे हवालदाराने मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "मी काठावर होते, मला नीट दिसलं नाही." प्रकरण तिथेच मिटलं.

ती दुसऱ्या गावी, जुन्या इमारती पाडायच्या कामावर गेली. मी मुलापाशी राहिले. त्याला अंघोळ घातली, जखम धुतली, रात्री कापलेला पाय दुखतो म्हणून ओरडायचा तेव्हा चादर घट्ट धरून बसले. माझं पोर आहे, जीव तुटायचा. पण त्याचा राग काही कापला गेला नव्हता. एका दुपारी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने माझ्या पाठीत कुबडी घातली. दुसऱ्यांदा उगारली तेव्हा मी ती हिसकावली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. जोरात. उभ्या आयुष्यात मी कुणावर हात टाकला नव्हता. तो लहान पोरासारखा बघतच राहिला. मी त्याचं जेवण झाकून ठेवलं, त्याच्या मावशीला बोलावून घेतलं आणि पिशवी भरली.

सून जिथे राहते ती खोली एवढीशी आहे. तिने दार उघडलं, माझी पिशवी बघितली. खाट भिंतीकडे सरकवली आणि जमिनीवर दुसरं अंथरूण घातलं. आता रोज सहाला ती निघते. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही. मी मुलाला दर रविवारी फोन करते. कधी उचलतो, कधी नाही.