टाकीवर पाणी

राज्यं येतात आणि जातात, पण शासनानं एकदा हाती घेतलेलं काम अमर असतं. आमच्या गल्लीच्या टोकाला असलेलं अमरत्व सिमेंटचं आहे आणि त्यावर कबुतरं बसतात.

ही पाण्याची टाकी. चाचणीच्या दिवशी अर्धी भरली आणि बुडाला तडा गेला. त्यानंतर ती भरली नाही. पण ती निकामी आहे असंही कुणी म्हटलं नाही, कारण मग ती कुणी बांधली असा प्रश्न आला असता. म्हणून ती ‘अंशतः कार्यान्वित’ झाली. एक माणूस रोज सकाळी स्कूटरवरून यायचा, टाकीखालचं चाक फिरवून व्हॉल्व्ह उघडायचा आणि निघून जायचा. वरून आत शिरलेला वारा मग पाइपातून उतरायचा आणि गल्लीतले सगळे नळ एकदम श्वास सोडायचे. आधी लांब सुस्कारा, मागून घशात काही अडकल्यासारखी घरघर. पाहुणे दचकायचे. आम्ही चहा पीत राहायचो. एका सकाळी माझ्या लक्षात आलं, की माझा श्वासही नळाच्याच लयीत चालला आहे. कप तिथंच ठेवून मी अंगणात गेलो.

शेजारच्या काकू एकट्याच राहायच्या. गुडघे गेलेले. घर चालायचं ते टँकरवर; ड्रायव्हर फाटकातल्या ड्रममध्ये थेट नळी टाकायचा. मुलगा लासूर स्टेशनला बोलवायचा, पण उभं राहून बांधून घेतलेलं घर काकूंना सोडवत नव्हतं. “टँकर हाय तवर मी हाय,” असं त्या सांगायच्या. टाकी बाद ठरली तर मोठ्या लाइनीवरून सरळ नळ मिळणार होता. टाकी चालू ठरली तर टँकर बंद होणार होता.

पाहणीला साहेब आले तेव्हा काकूंनी त्यांना फाटकाशीच गाठलं.

“साहेब, लई झालं. या टाकीवर पाणी सोडा आता.”

“सोडू की, मावशी.”

“नक्की? मागं फिरायचं नाय बरं.”

“शब्द दिला.”

काकूंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. गाडी वळल्यावर व्हॉल्व्हवाला माझ्या कानाशी आला. “सायबाला भलतंच कळलं वाटतं.”

“मग सांगायचं ना.”

“मी? मला अजून परमनंट व्हायचंय.”

काकूंचं पाणी सोडणं म्हणजे उदक सोडणं. नाद सोडायचा, हक्क सोडायचा, पुन्हा तिकडं बघायचं नाही. साहेबांच्या खात्यात पाणी सोडणं म्हणजे पाणी सोडणं. मराठीत दोन्ही बरोबर आहे.

थोड्याच दिवसांत टाकीखाली मांडव पडला. व्हॉल्व्हच्या चाकाला झेंडूची माळ आणि लाल फीत बांधली. टाकीत पाणी हवं म्हणून टँकर आणले, त्यांत आमचाही होता. मोटारीनं पाणी वर चढवत राहिले. भाषणं झाली. साहेबांनी फीत कापून चाक फिरवलं.

या वेळी नळांनी श्वास आत घेतला आणि तो सोडलाच नाही. गल्ली इतकी गप्प झाली की मांडवाचं कापड फडफडलेलं घरात ऐकू आलं. कबुतरं उडून गेली होती. मग पाणी आलं, तांबूस, त्यात पिसं. मांडवात टाळ्या वाजल्या. काकू हंडा न लावता नळाकडे बघत उभ्या होत्या.

जेवणवेळेपर्यंत टाकी तड्यातून रिकामी झाली. खुर्च्या ओल्या गालिच्यावरून उचलाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ पुन्हा श्वास सोडू लागले. पण पाणी सुटल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळं टँकर बंद झाला.

“मी म्हणलं टाकी सोडा,” काकू म्हणाल्या, “त्यांनी मलाच सोडलं.”

मुलगा टेम्पो घेऊन आला. निघताना काकूंनी ड्रम मला दिला.

घर विकायला काढलं आहे. फाटकावर दलालानं पाटी लावली आहे. तिच्यावर मोबाइल नंबरच्या वर, ठळक अक्षरांत, ‘जलकुंभाला लागून’ असं लिहिलं आहे.