एर्मेलिंदाच्या पापण्या

डोंगरातल्या शेला शहरात तेव्हा घरोघरी नळ नव्हते. बायका चौकातल्या हौदावर धुणं न्यायच्या. एर्मेलिंदा तर तिथं लोकांचे कपडे धुऊनच पोट भरायची. पाण्यानं बोटं बधिर व्हायची, वर डोंगरातलं ऊन तोंड भाजून काढायचं. पण शेजारच्या दगडावर तिची मैत्रीण चोना असली की दिवस कधी सरायचा ते कळायचं नाही. ते दिवस एर्मेलिंदाला अजून आठवतात.

चोनानंच आधी पाहिलं. "काय गं, पन्नाशीत पापण्यांना जांभळा रंग? कुणाला गळाला लावतेयस?"

बायका खिदळल्या. एर्मेलिंदाही हसली, पण घरी जाऊन तिनं पापण्या साबणानं घासल्या. रंग गेला नाही.

मग बोटांच्या पेरांवर लाल चट्टे उठले. ओली चादर दोरीवर टाकायला हात वर जाईना. दुखत फारसं नव्हतं, ताकदच नव्हती. केस विंचरता येईनात, तेव्हा चोना रोज सकाळी येऊन तिची वेणी घालू लागली. एके दिवशी मक्याची पेज घशात अडकून एर्मेलिंदा घुसमटली. चोनानं तिला तशीच सरकारी दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात उजेडात धरले, पापण्या पाहिल्या. "हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठा बघू."

तिला उठता आलं नाही. "धुण्याच्या साबणानं झालं का हे?" तिनं विचारलं.

"साबणानं काही केलेलं नाही, बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोगाशी लढणारी अंगातली शक्तीच तुमच्या स्नायूंवर उलटलीय. आत सूज आहे, आणि ऊन तिला आणखी चेतवतं."

रक्त तपासलं, मांडीतल्या स्नायूचा तुकडा तपासायला राजधानीला पाठवला. या आजाराआड कधी कधी कॅन्सर लपलेला असतो, म्हणून तोही शोधला; तसं काही निघालं नाही. सूज उतरवायला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, शिवाय आठवड्यातून एकदाच घ्यायची दुसरी एक गोळी. स्टेरॉइडनं तोंड फुगून वाटोळं झालं.

"लोक म्हणतील चोरून खातेस," चोना म्हणाली, आणि रविवार आला की ती आठवड्याची गोळी स्वतः हातावर ठेवायची.

महिनाभरात पेज नीट उतरू लागली. व्यायाम मात्र रिकामा वाडगा उचलण्यापासून करावा लागला. आठव्या महिन्यात एर्मेलिंदानं स्वतःची वेणी स्वतः घातली.

"वाकडी झालीय," चोना म्हणाली.

"असू दे."

"सोड ना. मी घालते." चोनानं फणी उचलली. एर्मेलिंदानं वेणी सोडली.

उन्हात धुणं धुणं कायमचं बंद झालं. ती घरात बसून कपडे रफू करायला शिकली. खांद्यांत पहिली ताकद पूर्ण आली नाही. वरच्या फळीवरचं काही तिला काढता येत नाही. चोना पुढे लेकीकडे किनाऱ्यावर राहायला गेली. एर्मेलिंदा आता रेडिओ लावून शिवत बसते. गाणी छान असतात, पण मधूनच कुणी तिची टर उडवत नाही, तेवढं तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं.